दवाखाना उघडा ठेवायचा, पण कोणाच्या भरवशावर?

साथीच्या रोगाचा पहिला रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या दारात क्वचितच उभा राहतो. तो आधी जातो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. दहा बाय बाराचा गाळा, बाहेरच्या बाकावर खोकणारी सात-आठ माणसे, केसपेपर काढून देणारा कंपाउंडर आणि आत एकटे डॉक्टर, अशी ती जागा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील आजारपणांपैकी साधारण ३० टक्क्यांवरच सरकारी यंत्रणेत उपचार झाल्याचे दिसले. चाळीस टक्क्यांहून अधिक वेळा माणसे खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली होती. आपला ताप कोरोनाचा आहे, डेंगीचा आहे की साध्या सर्दीचा, हे रुग्णाला ठाऊक नसते. त्याला फक्त आपले डॉक्टर ठाऊक असतात. तरीही साथीशी लढण्याचे आपले नियोजन खाटा, व्हेंटिलेटर आणि प्राणवायूच्या टाक्यांपासून सुरू होते. दवाखान्याची आठवण होते ती तो बंद असल्याची तक्रार आली की. मार्च-एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्रात अशा तक्रारी खूप झाल्या आणि फॅमिली डॉक्टर घाबरून घरी बसले, असा ठपका त्यांच्यावर आला. हा ठपका मला अन्यायाचा वाटतोच, पण त्याहून अधिक घातक वाटतो, कारण त्यातून चुकीचे उपाय सुचतात. डॉक्टर भित्रे आहेत असे एकदा ठरवले की त्यांना धाक दाखवणे किंवा त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणे एवढेच हाती उरते. त्यांची भीती म्हणजे त्यांच्या एकट्याच्या अंगावर पडलेल्या जोखमीचा बऱ्यापैकी अचूक हिशेब होता. ती जोखीम वाटून घेणारा कायमचा करार राज्य सरकारने साथ नसताना केला, तरच पुढच्या साथीत हे दवाखाने उघडे राहतील.

दवाखान्याचे महत्त्व आपल्या राज्याला नवे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या प्लेगचे निदान प्रथम केले ते मांडवी भागात खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. मूळचे गोव्यातील हडफडे गावचे हे डॉक्टर मुंबई महापालिकेचे सदस्यही होते, म्हणून त्यांचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचू शकला. वस्तीत रोज वावरणाऱ्या, घराघरातली माणसे ओळखणाऱ्या डॉक्टरला काय दिसू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही. त्या साथीतून जो कायदा जन्माला आला, तो फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. मोजक्या कलमांचा हा कायदा सरकारला विशेष अधिकार देतो, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा सांगतो आणि कायद्यानुसार सद्हेतूने काम करणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देतो. सरकारच्या आदेशाने जो जीव धोक्यात घालेल त्याचे सरकार काय देणे लागते, याबद्दल त्यात अक्षर नाही. कोरोना आला तेव्हा आपण १२३ वर्षांपूर्वीचा हाच कायदा बाहेर काढला. एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने त्यात आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. ती आवश्यकच होती. पण तिने डॉक्टरला वाचवले ते जमावापासून. विषाणूपासून, कर्जाच्या हप्त्यापासून आणि त्याच्यामागे कुटुंबाचे होणारे हाल यांपासून वाचवणारे काहीच त्यात नव्हते.

या डॉक्टरांना नेमकी कशाची काळजी होती, हे नीट मांडले की भित्रेपणाचा आरोप आपोआप सैल पडतो. पहिली काळजी जिवाची. इंडियन मेडिकल असोसिएशनने ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून कळवले, की तोवर १९६ डॉक्टर कोरोनाने दगावले होते; त्यांपैकी १७० जण पन्नाशीपुढचे होते आणि सुमारे ४० टक्के जनरल प्रॅक्टिशनर होते. अतिदक्षता विभागातला डॉक्टर पीपीई किट घालून, निदान झालेल्या रुग्णाजवळ जातो. दवाखान्यातल्या डॉक्टरपुढे बसलेल्या माणसाला काय झाले आहे हे कोणालाच माहीत नसते आणि तो घसा दाखवायला तोंड उघडतो. गाळ्याला खिडकी असेलच असे नाही. किट आणि एन-९५ मास्क पहिल्या काही महिन्यांत मिळत नव्हते आणि मिळाले तर परवडत नव्हते; अनेकांनी रेनकोटवर भागवले. महाराष्ट्र सरकारने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे राज्यात पहिला रुग्ण सापडल्यानंतर सात महिन्यांनी. दुसरी काळजी घरच्यांची होती. फॅमिली डॉक्टरांपैकी बरेच जण साठीच्या आसपासचे, घरात त्यांच्याहूनही म्हातारे आई-वडील आणि राहायला दोन-तीन खोल्या, अशी स्थिती असताना विषाणू घरी नेण्याची धास्ती स्वतःच्या मरणाच्या धास्तीपेक्षा मोठी असते. त्यात सोसायटीतले लोक जिन्यात बाजूला होऊ लागले, मोलकरणीला येऊ नको म्हणून सांगितले जाऊ लागले. ज्यांच्याकडे रात्री अकरालाही मुलाला घेऊन धावायचे, त्या डॉक्टरांच्या वाट्याला हा दुरावा येणे त्यांना फार लागले.

तिसरी काळजी होती ती चुकण्याची, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले गेले. सुरुवातीच्या आठवड्यांत परदेश प्रवास किंवा बाधिताशी संपर्क असल्याशिवाय चाचणीच होत नव्हती. म्हणजे समोरच्या रुग्णाबद्दल डॉक्टरला कितीही संशय आला, तरी तो पडताळून पाहण्याचा मार्ग त्याच्याकडे नव्हता. पुढे निकष सैल झाले, पण आठवड्याला बदलणारी परिपत्रके त्याच्यापर्यंत पोहोचायची ती व्हॉट्सॲपवरून, तीही अनेकदा अर्धवट आणि एकमेकांशी न जुळणारी. पावसाळा लागल्यावर मुंबईत मलेरिया, डेंगी आणि लेप्टोचा ताप याच रांगेत येऊन बसला. रुग्णाला खाट लागली, तर ती कुठे मिळेल हे वॉर्डाची वॉर रूम ठरवणार; वीस वर्षे त्या कुटुंबाला ओळखणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीला तिथे वेगळे स्थान नव्हते. रुग्ण पुढे पाठवला की त्याचे काय झाले, हे डॉक्टरला कळायचे ते नातेवाइकांकडून. ज्या माणसाला माहिती मिळत नाही, निर्णयात वाटा मिळत नाही, पण परिणामांची जबाबदारी मात्र ज्याच्यावर येते, तो सावध होणारच. चौथी काळजी पैशांची. डॉक्टर किंवा कंपाउंडर बाधित निघाला की दवाखाना सील होई. गाळ्याचे भाडे, कर्जाचा हप्ता आणि कंपाउंडरचा पगार मात्र थांबत नसे. पैशांची काळजी करणारा डॉक्टर आपल्याला आवडत नाही. पण तो सरकारी पगारावर नाही, त्याला आजारपणाची भरपगारी रजा नाही आणि निवृत्तिवेतनही नाही, हे विसरून त्याच्याकडून सरकारी नोकराइतक्या निश्चिंतपणाची अपेक्षा करता येत नाही.

तरीही बहुसंख्य दवाखाने फार काळ बंद राहिले नाहीत, ही गोष्ट ठामपणे सांगायला हवी. डॉक्टरांनी आपापल्या परीने वाट काढली. टेबलापुढे प्लास्टिकचा पडदा लावला, रुग्णाला दारातच थांबवून विचारपूस केली, तापाच्या रुग्णांसाठी वेगळी वेळ ठेवली. घरी गेल्यावर वेगळ्या खोलीत झोपले. एकमेकांच्या अनुपस्थितीत एकमेकांचे रुग्ण सांभाळले. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली तेव्हा फोनवरून उपचार करण्याला निश्चित नियमांचा आधार मिळाला. त्याआधी या बाबतीत मोठी धास्ती होती, कारण रत्नागिरीतील एका प्रकरणात फोनवरून उपचार सांगितल्याचा मुद्दा २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला गेला होता. पुढे दिवसातून तीनदा ऑक्सिमीटरचा आकडा फोनवर विचारून हजारो रुग्णांना घरच्या घरी सांभाळले गेले. त्या फोनची नोंद कोणत्याही सरकारी आकडेवारीत नाही, आणि रुग्णालयांवरचा किती भार त्यांनी हलका केला हे आज कोणी मोजूही शकणार नाही. या साऱ्याचे कौतुक करताना एक धोका असतो. एकेकट्याच्या जिद्दीवर यंत्रणा चालली, की यंत्रणेत काही कमी होते हेच आपण विसरतो. ज्यांच्या गाठीला पैसा होता, मुले मोठी होती, प्रकृती धडधाकट होती, त्यांना हे निभावता आले. ज्यांचे तसे नव्हते त्यांनी दवाखाना बंद ठेवला किंवा उघडा ठेवून जीव गमावला. सिंगापूरमध्ये २००३ च्या सार्सनंतर जनरल प्रॅक्टिशनरांचा अभ्यास झाला. साथ ओसरल्यावरही त्यांच्यात मानसिक ताण आणि समाजाने दूर लोटल्याची भावना आढळली. आपल्याकडे तर किती डॉक्टर गेले याचीही खात्रीची नोंद नव्हती. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने मृत आरोग्यसेवकांची माहिती केंद्राकडे नाही, असे सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगण्यात आले, आणि ३८२ मृत डॉक्टरांची यादी मेडिकल असोसिएशनला प्रसिद्ध करावी लागली.

हे सगळे अनपेक्षित होते, असेही म्हणता येत नाही. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी घेतला. त्या वेळी चाचणी आणि ऑसेल्टामिविर हे औषध दोन्ही सरकारने आपल्या हाती ठेवले होते. परिणामी साधी सर्दी झालेलाही नायडू रुग्णालयाच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि बाधितांच्या शेजारी तासन्‌तास थांबला. खासगी डॉक्टरला शंका आली तर रुग्णाला त्या रांगेत पाठवण्यापलीकडे तो काही करू शकत नव्हता. नंतर परवानाधारक दुकानांतून औषध मिळू लागले, साथ ओसरली आणि विषय मिटला. शहरातले हजारो दवाखाने साथीच्या काळात कोणत्या नियमाने, कोणत्या साधनांनी आणि कोणाच्या खर्चाने काम करतील, हा प्रश्न तेव्हाच सोडवायला हवा होता. अकरा वर्षांनी तोच प्रश्न त्याच शहरात राज्यातल्या पहिल्या कोरोनाबाधितांच्या रूपाने उभा राहिला, आणि उत्तर म्हणून आपल्याकडे फक्त १८९७ चा कायदा होता.

मग निघाल्या नोटिसा. ३१ मार्च २०२० रोजी नवी मुंबईच्या पालिका आयुक्तांनी खासगी डॉक्टरांना दवाखाने उघडे ठेवण्यास बजावले. न ठेवल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा नोंदवण्याचा इशारा दिला. मे महिन्यात वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाने मुंबईतल्या ५५ वर्षांखालील खासगी डॉक्टरांना किमान पंधरा दिवस कोविड सेवा करणे बंधनकारक केले. दरम्यान केंद्राने आरोग्यसेवकांसाठी पन्नास लाख रुपयांचे विमाकवच ३० मार्चपासून लागू केले होते. खासगी डॉक्टरांना त्याचा लाभ मिळणार होता तो त्यांची सेवा सरकारने अधिग्रहित केली असेल तरच. नवी मुंबईतल्या एका खासगी डॉक्टरांनी दवाखाना चालू ठेवला आणि जून २०२० मध्ये ते कोरोनाने गेले. त्यांच्या पत्नीचा विम्याचा दावा फेटाळला गेला. दवाखाना उघडा ठेवायला सांगणे वेगळे आणि कोविडच्या कामासाठी सेवा अधिग्रहित करणे वेगळे, असे मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निष्कर्ष बदलला. साथरोग कायदा, राज्याचे नियम आणि पालिकेचा आदेश एकत्र पाहता डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित झाल्याच होत्या, असे न्यायालयाने म्हटले. मात्र कोविडशी संबंधित कर्तव्य बजावतानाच मृत्यू झाला हे विश्वासार्ह पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी प्रत्येक दावेदारावर ठेवली. निकालाचे स्वागत करताना मनात राग उरतो. दवाखाना बंद ठेवला तर गुन्हा आणि उघडा ठेवून मेला तर तुझा तू, असे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणाऱ्या सरकारवर डॉक्टरने विश्वास का ठेवावा? आणि पाच वर्षांनंतर एका विधवेने पुरावा कुठून आणावा? २०२० सालचा केसपेपर, कोण रुग्ण कधी आला, त्याची चाचणी झाली का, हे तिने आज शोधायचे आहे.

डॉक्टरांना बरोबर घेतले तर काय घडते, याचेही दाखले याच राज्यात आहेत. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला. अरुंद गल्ल्या, सामायिक शौचालये आणि लाखोंची वस्ती पाहता तिथे हाहाकार उडेल असे अनेकांना वाटत होते. महापालिकेने तिथल्या खासगी डॉक्टरांच्या संघटनेला सोबत घेतले, त्यांना किट आणि तपासणीची साधने दिली, आणि दोन डझनांच्या आसपास स्थानिक डॉक्टर पालिकेच्या पथकांबरोबर दारोदार फिरले. लोकांनी दार उघडले, कारण समोर ओळखीचा चेहरा होता. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले. धारावीच्या यशात इतर अनेक गोष्टींचा वाटा होता, हे मान्यच. पण साधने, आदर आणि काम हे तिन्ही एकत्र मिळाल्यावर दवाखान्यातले डॉक्टर मागे हटले नाहीत, एवढे त्यातून नक्की दिसते. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यातल्या फॅमिली डॉक्टरांशी दूरदृश्य प्रणालीवरून संवाद साधला आणि ‘माझा डॉक्टर’ म्हणून त्यांना घरी असलेल्या रुग्णांची काळजी घ्यायला सांगितले. राज्याच्या कोविड कृती दलाचे तज्ज्ञ त्या बैठकीत उपचारांची दिशा समजावून सांगत होते. अगदी योग्य पाऊल होते ते. पण साथ सुरू होऊन चौदा महिने झाले होते आणि दुसरी लाट तिच्या शिखराच्या आसपास होती. हीच बैठक एप्रिल २०२० मध्ये झाली असती तर, असे राहून राहून वाटते.

डॉक्टरांची जोखीम सरकारने वाटून घ्यावी, यावर घेतला जाणारा सर्वांत जुना आक्षेप कर्तव्याचा. डॉक्टरने शपथ घेतली आहे, सैनिक जसा रणांगण सोडत नाही तसे त्यानेही दवाखाना सोडू नये, असे म्हटले जाते. कर्तव्य मला मान्य आहे. पण सैनिकाला शस्त्र, शिधा, रजा आणि मागे राहिलेल्यांसाठी निवृत्तिवेतन देण्याचे बंधन सरकारने आधी स्वीकारलेले असते. कर्तव्य दोन्हीकडून असते तेव्हाच ते मागता येते. शिवाय शपथ कुठवर नेते यालाही मर्यादा आहे. मास्क न घालता रुग्ण तपासणारा, मधुमेह असलेला पासष्ट वर्षांचा डॉक्टर स्वतः बाधित होऊन इतर दहा रुग्णांना रोग देऊ शकतो. अशा वेळी साधने मिळेपर्यंत दवाखाना थांबवणे हाही वैद्यकीय निर्णय असू शकतो, आणि तो घेणाऱ्यावर गुन्हा नोंदवण्याची धमकी देऊन साथ आटोक्यात येत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा: खासगी डॉक्टर धंदा करतात, साथीत काहींनी मनमानी शुल्क घेतले, मग त्यांच्यासाठी सरकारी तिजोरी का उघडायची? लूट झाली हे खरे आहे आणि तिचा निषेधच केला पाहिजे. मात्र कोरोनातली भरमसाट बिले प्रामुख्याने रुग्णालयांची होती; शंभर-दोनशे रुपये घेऊन तापाचा रुग्ण तपासणाऱ्याची नव्हती. आणि साथीच्या काळात दवाखान्यात होणारे काम पूर्णपणे खासगी राहतच नाही. एक बाधित रुग्ण वेळेत ओळखला, घरी थांबवला, घरच्यांना सावध केले, तर त्याचा फायदा त्या रुग्णाच्या शुल्कात मावत नाही. तो साऱ्या वस्तीला होतो. ज्या कामाचा फायदा सर्वांना होतो त्याच्या खर्चात सर्वांनी वाटा उचलावा, इतके साधे हे तत्त्व आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो मी झटकणार नाही. आपल्या दवाखान्यांमधली गुणवत्ता फार असमान आहे. महाराष्ट्रातल्या जनरल प्रॅक्टिशनरांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. आधुनिक औषधे कोणी किती द्यावीत यावर वाद चालूच आहेत. दुसऱ्या लाटेत प्राणवायूची गरज नसलेल्यांनाही स्टेरॉइड दिली गेली. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्येच दाखवले होते, की डेक्सामेथासोनचा लाभ प्राणवायूवर असलेल्यांना होतो, इतरांना होत नाही. अनावश्यक स्टेरॉइड आणि अनियंत्रित साखर यांनी म्युकरमायकोसिसला रान मोकळे करून दिले. अशा डॉक्टरांच्या हाती साथ सोपवायची का, असे विचारणे रास्तच आहे. पण चुका फक्त दवाखान्यात झाल्या नाहीत. गोवा सरकारने मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली होती. जेव्हा वरपासून खालपर्यंत माहितीचा गोंधळ असतो, तेव्हा तळातल्या डॉक्टरला एकट्याला दोषी धरून काही सुधारत नाही. रुग्ण तर त्याच्याकडेच जाणार आहे, तो कोणत्या पॅथीचा पदवीधर आहे हे न पाहता. त्याला यंत्रणेबाहेर ठेवले तर तो काय औषध देतो हे कोणालाच कळणार नाही. आत घेतले तर मास्क आणि विम्याच्या बदल्यात त्याच्याकडून ठरलेल्या उपचारपद्धतीचे पालन, नोंद आणि वेळेवर रुग्ण पुढे पाठवणे मागता येते. गुणवत्तेची चिंता असणाऱ्यांनी तर या कराराचा आग्रह आधी धरायला हवा.

असा करार कागदावरची कल्पना नाही. सिंगापूरने दवाखान्यांना साथसज्जतेच्या योजनेत आधीच नोंदवून घेतले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ती योजना कार्यान्वित झाली तेव्हा सुमारे ९०० दवाखाने तीत उतरले. त्यांना सरकारी साठ्यातून संरक्षक साधने मिळाली, श्वसनविकाराच्या रुग्णांसाठी सवलतीचा ठरावीक दर लागू झाला आणि फरक सरकारने भरला. सिंगापूर लहान आणि श्रीमंत आहे, त्याची तुलना महाराष्ट्राशी कशाला, असे कोणी म्हणेल. मग मुंबईच पाहू. क्षयरोगाच्या बाबतीत २०१४ पासून महापालिका आणि एका स्वयंसेवी संस्थेने खासगी डॉक्टरांना जोडून घेण्याचा प्रयोग केला. रुग्णाला सवलतीत चाचणी, खासगी औषध दुकानातूनच मोफत औषधे आणि डॉक्टरला नोंदीची सोपी सोय, असे त्याचे स्वरूप होते. क्षयरुग्णाची नोंद कळवणे २०१२ पासूनच सक्तीचे होते, पण नुसत्या सक्तीने न आलेल्या नोंदी सोय झाल्यावर येऊ लागल्या, आणि त्या कामात आयुर्वेद-होमिओपॅथीचे डॉक्टरही होते. पुढे नोंदीसाठी पाचशे आणि उपचार पूर्ण झाल्यावर पाचशे रुपये खासगी डॉक्टरला देण्याची पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमानेच स्वीकारली. म्हणजे सरकारला हे करता येते. साथीच्या आजारांसाठी ते केलेले नाही, इतकेच.

करारात काय असावे, यावर तज्ज्ञांनी बसावे. मला अत्यावश्यक वाटतात त्या गोष्टी थोड्या आहेत. साथ जाहीर झाल्याच्या दिवसापासून नोंदणीकृत दवाखान्यातले डॉक्टर, कंपाउंडर आणि परिचारिका यांचा विमा आपोआप लागू व्हावा, आणि साथीच्या रुग्णांची नोंद करणाऱ्या दवाखान्यातले कोणी त्या रोगाने दगावले तर मृत्यू कामामुळेच झाला असे गृहीत धरले जावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. दवाखाना सील करण्याची वेळ आली तर तेवढ्या दिवसांचे भाडे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन भरून मिळावे. दर प्रभागात मास्कचा साठा असावा आणि फोन उचलणारा एक वैद्यकीय अधिकारी असावा, जो डॉक्टरची शंका ऐकेल, चाचणीची सोय करेल आणि पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे उलट कळवेल. यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे, पण तो बहुतांशी सरकारी केंद्रांवर उभा आहे. माहिती घेतली जाते आणि परत काहीच येत नाही, असा अनुभव असेल तर व्यस्त ओपीडीतला डॉक्टर फॉर्म भरणार नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, भारतीय वैद्यकाची परिषद आणि होमिओपॅथी परिषद यांच्याकडे डॉक्टरांच्या याद्या आहेतच. नव्याने शोधायला जावे लागणार नाही.

सुरुवात कुठून करावी, हेही सांगता येते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि हात-पाय लुळे पडलेली माणसे रुग्णालयांत दाखल होऊ लागली तेव्हा साथ लक्षात आली. संशय दूषित पाण्यावर आणि त्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गावर गेला. या विकारात लकव्याच्या एक ते तीन आठवडे आधी अनेकांना जुलाब होतात, आणि जुलाब झालेला माणूस थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जात नाही. तो कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो. त्या पट्ट्यातल्या दवाखान्यांमध्ये एका आठवड्यात जुलाबाचे रुग्ण किती वाढले, हे मोजणारी एक साधी वही आणि ती पाहणारा एक अधिकारी एवढे जरी असते, तरी पाण्याची तपासणी आधी सुरू होऊ शकली असती. पुणे महापालिकेने येत्या पावसाळ्याआधी याच भागातल्या डॉक्टरांबरोबर, त्यांच्या पदवीचा वाद बाजूला ठेवून, पहिला करार करावा.